चार भिडू तिसऱ्या बैठकीला का येत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा: वय २७, लातूरला औसा रोडला राहणं, दिवसा हिशेबाची नोकरी. सहा वर्षांपासून पटावरचे खेळ आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स (एकाने गोष्ट खेळवायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, असा खेळ) हेच आयुष्य. पगारातला बराच भाग खेळांचे डबे, फासे आणि रंगवायच्या छोट्या आकृत्या यांवर जातो. नियम तोंडपाठ, पण चारचौघांत बोलता येत नाही. लग्नकार्यात कोपरा धरून बसणं होतं, आणि बोलायला लागलं की खेळाशिवाय दुसरा विषय सुचत नाही. दोनदा चार जण जमवले. पहिल्याच दिवशी तासभर नियम समजावले, बैठक पाच तास चालली, आणि तिसऱ्या बैठकीला दोन्ही वेळा कोणी फिरकलं नाही. घरचे म्हणतात, हे फासे-पत्ते बंद कर. बंद करावं का? आणि नाही तर माणसं टिकवायची कशी?

भाऊ, बंद करू नका. पटाशी बसल्यावर तुम्हाला बोलता येतं, त्याचं कारण आधी नीट बघा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पटावर पाळी ठरलेली असते, त्यामुळे कधी बोलायचं हे शोधावं लागत नाही. विषय समोर मांडलेला असतो. नजर पटावर ठेवली तर कुणाला वावगं वाटत नाही. हाताला चाळा असतो. आणि डाव कधी संपणार हे माहीत असतं. लग्नाच्या मांडवात यातलं काहीच नसतं, म्हणून तिथे जीभ अडते. तुम्हाला खेळ येतो, यजमानपण अजून येत नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि यजमानपण नियमांसारखंच एकेक पाऊल करत शिकता येतं.

भिडू का गेले ते तुमच्या प्रश्नातच दिसतं. नव्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत एकदाही हसायला मिळालं नाही, तर तो मनाने उठून गेलेला असतो. दुसऱ्यांदा येतो तो भिडेखातर. तिसऱ्यांदा “जरा काम निघालं” म्हणणं त्याला सोपं जातं. म्हणून पहिल्या दोन बैठकांना तुमचा आवडता मोठा खेळ कपाटातच राहू द्या. त्याला हात लावायचा मोह होईल, लावू नका.

पहिल्या दिवशी कोडनेम्स हा आपल्या गटाचे शब्द ओळखायचा खेळ खेळा, आणि तो मराठीत. इंग्रजी डबा लागतच नाही. पोस्टकार्डाच्या पुठ्ठ्याच्या पन्नास-साठ चिठ्ठ्या कापा आणि प्रत्येकीवर एक नाम लिहा: विहीर, ऊस, टपाल, पाटील, डबा, सनई, चावडी, इंजेक्शन, बैल, गोलाई. दोन अर्थ निघतात असे शब्द जास्त घ्या, पान, कर, माळ, तार असे. मजा त्यांच्यातच आहे. त्यातल्या २५ चिठ्ठ्या पाच बाय पाच मांडायच्या. दोन गट, प्रत्येकात एक सांगणारा. दोन्ही सांगणाऱ्यांकडे एकच गुप्त नकाशा असतो: सुरुवात करणाऱ्या गटाचे ९ शब्द, दुसऱ्याचे ८, कुणाचेच नसलेले ७ आणि एक घातकी शब्द, ज्याला बोट लावलं की डाव तिथेच गेला. सांगणाऱ्याने एक शब्द आणि एक आकडा एवढंच बोलायचं. “लग्न, दोन” म्हटलं की भिडूंनी सनई आणि माळ शोधायची. नियम सांगायला दोन मिनिटं लागतात, डाव वीस मिनिटांत आटपतो. किमान चार माणसं हवीत. तुमच्यासारख्याला हा खेळ फार सोयीचा, कारण सांगणाऱ्याची जागा घेतली की एका शब्दापलीकडे बोलायची मनाईच असते, आणि तरी सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे असतं. चारचौघांच्या नजरेची सवय व्हायला याहून सौम्य जागा नाही.

दुसऱ्या बैठकीला कटान घ्या. क्लाउस टॉयबर यांचा हा खेळ १९९५ पासून चालत आलेला आहे, ३ ते ४ जणांचा. यात एकमेकांकडे मागितल्याशिवाय भागत नाही: “गहू देतोस का, वीट देतो.” तयार वाक्य, खरी गरज, आणि नकार आला तरी अपमान नाही. मात्र इथे नवखे एका ठरावीक जागी अडकतात. दोन फाशांवर ३६ पैकी ६ दानं सातची असतात, सहाची आणि आठची प्रत्येकी ५, तर दोन आणि बाराचं एकच. पटावरच्या शेतांवर आकडे असतात, आणि त्या आकड्याचं दान पडलं तरच तिथलं पीक मिळतं. नवख्याने पहिली घरं दोन, तीन, बाराच्या शेतांकडेला बांधली, तर तो तासभर रिकाम्या हाताने दुसऱ्यांचं पीक बघत बसतो. नियमपुस्तकात नवख्यांसाठी तयार मांडणी दिलेली आहे, पहिल्या डावाला तीच वापरा. आणि तुम्ही जिंकायला खेळू नका. हे मी मनापासून सांगतो आहे. पहिल्या तीन बैठकांत तुमचं यश एकाच गोष्टीवर मोजायचं, तीच माणसं परत आली की नाही.

पॅन्डेमिकसारखे सगळ्यांनी मिळून जिंकायचे खेळ मी तुम्हाला एवढ्यात सुचवणार नाही. त्यात ज्याला सगळं येतं तो हळूहळू चौघांच्या चाली एकटाच खेळू लागतो, आणि बाकीचे नुसत्या सोंगट्या सरकवतात. तुमच्याकडून हेच होणार. खेळायचाच असेल तर एक नियम स्वतःला लावून घ्या: प्रत्येक पाळीत आपण शेवटी बोलायचं, तेही कुणी विचारलं तर.

आता बैठकीची जागा. बहुतेक घरांत चौघांना पुरेल असं टेबल नसतं, आणि सतरंजीवर पट मांडला की पत्ते उचलता येत नाहीत, सोंगट्या कलंडतात. सुताराकडून तीन फूट बाय दोन फूट, ६ मिलिमीटर प्लायवूडचा तुकडा कापून आणा, कडा घासून घ्या आणि सतरंजीवर ठेवा. काम झालं. पंख्याशिवाय आपल्याकडे बसता येत नाही आणि पंख्याखाली पत्ते राहत नाहीत. त्यावर इलाज म्हणजे पत्त्यांना प्लॅस्टिकची पाकिटं, म्हणजे वजन वाढतं, आणि पंखा दोनवर. पाकिटं घेताना पत्त्याचं माप मोजा. ६३ बाय ८८ मिलिमीटर हे सर्रास असतं, पण कटानचे पत्ते त्याहून लहान असतात. फासे फरशीवर टाकले की एक तरी पलंगाखाली जातो. घरातली परात घ्या, तळाशी टॉवेलची घडी घाला आणि फासे तिच्यात टाका. आवाजही बंद होतो, दान “लागलं की नाही लागलं” हा वादही मिटतो: परातीबाहेर गेलेलं दान पुन्हा टाकायचं. बसताना एकमेकांच्या अगदी समोर बसू नका, काटकोनात बसा. समोरासमोर नजर सतत भिडते आणि बुजरा माणूस थकतो.

वेळ ठरवताना गावाची घडी ओळखा. अभ्यासिकेतल्या मुलांवर मंडळ उभारू नका. लातुरात ती ढीगभर भेटतील, पण परीक्षा जवळ आली की सगळी एकदम नाहीशी होतील आणि तुम्हाला वाटेल आपलंच काही चुकलं. बँकेतले, महावितरणातले, औषधाच्या दुकानातले, शाळेतले, म्हणजे रविवार मोकळा असलेले गडी बघा. ज्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथे पाण्याचा दिवस टाळा. त्या दिवशी घरात पाहुणा नको असतो. रविवार, एक आड एक, दुपारी ४ ते ६.३०. एप्रिल-मे मध्ये ५.३० नंतर. पाच जणांना बोलवा, तीन आले तरी डाव मांडा, आणि हे आधीच सांगून ठेवा. सगळे आल्याशिवाय सुरू न करणारी मंडळं फार दिवस टिकत नाहीत, कारण वेळेवर येणाऱ्यालाच दर वेळी शिक्षा होते. बुधवारी निरोप टाका, असा: “रविवारी ४ ला माझ्याकडे. खेळ कटान, दोन तास. ६.३० ला संपवतो. चहा आहे. येणार का, शुक्रवारपर्यंत कळव.” यापेक्षा एक ओळ जास्त लिहू नका. उत्तर आलं नाही तर शनिवारी एकदाच विचारा. आणि ६.३० म्हणजे ६.३०, डाव अर्धा असला तरी फोटो काढून आवरा. अर्धा राहिलेला डाव माणसाला परत आणतो, ताणलेला डाव पळवतो.

चौथ्या-पाचव्या बैठकीला डंजन्स अँड ड्रॅगन्स काढा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये आला. त्यातली सराय, एल्फ, सरदार हे सगळं तिकडच्या मातीतलं आहे. तुम्ही त्यात मुरलात, पण महावितरणातल्या भिडूला “टॅव्हर्न” म्हटलं की डोळ्यांपुढे काहीच येत नाही, आणि न दिसणाऱ्या जगात कुणी धाडस करत नाही. आपल्याकडे वेस आहे, गढी आहे, बारव आहे, वाडा आहे. पात्राला सोंग म्हणा, खेळवणाऱ्याला सूत्रधार. सोंग घेणं मराठवाड्याला नवं नाही. पैठणच्या नाथांनी भारुडांतून किती तरी सोंगं उभी केली. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. मूळ संचाचा उल्लेख ठेवून तुम्ही तो मराठीत बिनधास्त आणू शकता. आणि आणाच. इंग्रजीत विचार करून मराठीत बोलायचं म्हणजे बुजऱ्या माणसाला दुहेरी ओझं.

सोंगाचा कागद पोस्टकार्डाएवढा ठेवा. नाव, धंदा, जीव १०, एक वस्तू, आणि जमणाऱ्या तीन गोष्टी, त्यांपुढे अधिक ५, अधिक ३ आणि ०. नियम एकच सांगा: वीस बाजूंचा फासा टाका, त्या गोष्टीपुढचा आकडा दानात मिळवा, ठरलेल्या अंकाला पोचलात तर जमलं. तो अंक मात्र विचार करून ठेवा. पुस्तकात मध्यम अवघड कामाला १५ आहे. ज्याच्याकडे अधिक ५ आहे त्याला दहा किंवा वर लागतं, म्हणजे ५५ टक्के. ज्याच्याकडे शून्य आहे त्याला ३० टक्के. नवखा सलग दोनदा हरला की तो हात आखडतो आणि मग मोबाइल काढतो. अंक १२ ठेवा, अधिक ५ वाल्याला ७० टक्के यश मिळतं. धाडस वाढतं, गप्पा वाढतात. अवघडपणा पुढे कधीही वाढवता येतो.

पहिली मोहीम देवगिरीवर न्या. गड अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो, वर्णनाला अर्धे कष्ट. रात्रीची वेळ, गडावर वैद्य अडकला आहे, त्याच्याकडची औषधाची कुपी पहाटेच्या आत गावात आणायची. तीनच ठिकाणं. कातळात खोदलेला खंदक, पुलावर पहारेकरी. इथे बोलून काम काढायचं, ३० मिनिटं. मग चहा. मग अंधारी, तो काळोखा भुयारी रस्ता: दिवा लावला तर वटवाघळं उठतात, नाही लावला तर पायऱ्या दिसत नाहीत, ४० मिनिटं. शेवटी वरचं तोंड. शत्रूला कोंडायला तिथे शेगडीचा धूर सोडत असं सांगतात. तो धूर चुकवायला दोघांनी मिळूनच काही तरी करावं लागेल असं ठेवा, ३० मिनिटं. लढाई ठेवू नका. पाच जणांची प्रत्येकी तीन मिनिटांची पाळी धरली तरी एक फेरी पंधरा मिनिटांची होते, आणि तेवढा वेळ नवखा नुसता बसून राहतो.

सूत्रधाराची खरी कसोटी गप्प बसलेल्या भिडूपाशी लागते. समजा तो कागदाची कड दुमडतो आहे, बाकीचे तिघे पुलाकडे धावले आहेत. “तुला काय करायचंय?” असं विचारलंत तर तो “काही नाही” म्हणेल, कारण अख्खं जग समोर टाकून एकच गोष्ट निवड म्हणणं त्याला जड जातं. त्याच्या सोंगाचं नाव घ्या आणि दोनच वाटा द्या: “गंगाराम, पहारेकरी तुझ्याकडं बघून विचारतो, एवढ्या रातीचं कुठं निघालात? तू खोटं सांगतोस, का गप राहून विडी पुढं करतोस?” मग मनात सातपर्यंत मोजा. मधे बोलू नका, बाकीच्यांनाही हाताने थांबवा. सात आकडे फार लांब वाटतात, पण चार-पाचच्या आसपास तो बहुतेक वेळा बोलतोच. “विडी देतो” म्हणाला की फासा टाकायला लावू नका, सरळ जमू द्या. पहिलं बोलणं वाया जाऊ द्यायचं नसतं. तुमच्यासारखाच माणूस तुमच्यासमोर बसलेला आहे, त्याला काय हवं ते तुम्हाला इतर कुणापेक्षा चांगलं कळेल.

स्वतःवर दोन बंधनं घाला. चूक दिसली तरी ती डाव बिघडवत नसेल तर सोडून द्या. बिघडवत असेल तर “पुढच्या पाळीपासून असं करू” म्हणा, झालेली चाल मागे घ्यायला लावू नका. नियमावरून वाद झाला तर दोन मिनिटं, मग सूत्रधाराचा शब्द, पुस्तक बैठकीनंतर. दुसरं, खेळाच्या जगाचा इतिहास सांगताना एक मिनिटाची वाळूची घडी उलटी करून ठेवा. वाळू संपली की वाक्य पुरं करा आणि कुणाला तरी प्रश्न विचारा. सुरुवातीला गुदमरल्यासारखं होईल. पाच-सहा बैठकांत घडीची गरज कमी होते.

मुलींना बोलवायचं असेल तर समोरच्या खोलीत, दार उघडं ठेवून, दिवेलागणीच्या आत संपणारी बैठक ठेवा, आणि मैत्रिणीला घेऊन ये म्हणा. सोंगांच्या आडून सलगी कुणालाच करू द्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगा.

घरच्यांचं. फासे आणि पत्ते म्हटलं की आपल्या घरांत जुगार आठवतो, ती भीती खोटी नाही. म्हणून पैसा कधीच लावायचा नाही, पाच रुपयेसुद्धा, आणि चहाचे पैसेही डावावर ठरवायचे नाहीत. बंद खोलीतून पट बाहेर आणा. आईला शिकवू नका, विचारा: तुम्ही लहानपणी काय खेळायचात? आजी असेल तर सारीपाट निघेल. चार हातांचा पट, प्रत्येक हातात आठाआठाच्या तीन रांगा, सोळा सोंगट्या. वेरूळला २१ क्रमांकाच्या लेण्यात शिवपार्वतीच सारीपाट खेळताना कोरलेले आहेत, एखाद्या रविवारी आईला घेऊन दाखवून या. कोजागिरीला जागरणात फासे खेळायची तर जुनी रीत आहे. त्या रात्री गच्चीवर दूध आटवताना चुलत भावंडांसोबत चिठ्ठ्यांचा डाव मांडा. परवानगी मागावी लागणार नाही.

आकृत्या रंगवणं चालू ठेवा, ते एकट्याचं चांगलं काम आहे. फक्त लातूरच्या उन्हात फवाऱ्याचा प्रायमर दुपारी मारू नका. रंग हवेतच सुकतो आणि आकृतीवर वाळू चिकटल्यासारखा खरखरीत थर बसतो. सकाळी सातला मारा. ब्रशवर रंग सुकत असेल तर सपाट डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, आणि त्यावर रंग काढा. खर्चाला मात्र वेसण हवी. हातात येणाऱ्या पगाराच्या वीस रुपयांत एक रुपया, याहून जास्त नाही, आणि दोनदा न खेळलेला डबा घरात असेपर्यंत नवा डबा नाही.

लग्नकार्यात आता कोपरा धरू नका, काम धरा. आहेराची वही लिहायला बसा. माणसं एकेक करून येतात, नाव-गाव सांगतात, तुम्ही लिहिता. पाळी, विषय, हाताला काम, सगळं आलं. प्रत्येकाला एकच वाक्य जास्त बोला: “उदगीरहून आज सकाळीच निघालात का?” तासाभरात पन्नास माणसांशी बोलणं होतं. पंगतीत वाढायला उभं राहणं हेही तसंच. कुणी विचारलंच सुट्टीत काय करता, तर दोन वाक्यांत सांगा: “रविवारी चार जण मिळून पटावरचे खेळ खेळतो. तुमच्याकडे कोणी सोंगट्या खेळायचं का?” तिसरं वाक्य त्यांचं. बघण्याच्या कार्यक्रमातही छंद लपवू नका, याच दोन वाक्यांत सांगा.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. माणसांत जायच्या नुसत्या विचाराने छाती धडधडणं, घाम फुटणं, कामावर दांड्या पडणं, झोप जाणं हे सहा महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर त्याला बुजरेपणा समजू नका. जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करा; सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यावर उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो.

आणि एक वही करा. सोंगांचे जीव, सामान, राहिलेली मोहीम तुम्ही लिहून ठेवत असालच. त्याच वहीत मागून एकेक पान प्रत्येक भिडूच्या नावाने ठेवा. ६.३० ला पट आवरला की त्यांना फाटकापर्यंत सोडायला जा. तिथे गाडी सुरू करता करता माणूस काही तरी बोलतो: आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, बदली बीडला होईल असं वाटतंय, सोयाबीन अजून विकलं नाही. वर आल्यावर तेवढी एक ओळ तारीख घालून लिहा. पंधरा दिवसांनी तो चप्पल काढत असताना पहिला प्रश्न त्याचाच विचारा, फासे नंतर काढा.